पाच अक्षरी इंग्रजी शब्द: हातात दोन-तीन अक्षरं असताना उरलेली कशी शोधायची

'लाइट' या शब्दात अक्षरं किती? देवनागरीत मोजली तर ला, इ, ट अशी तीन. इंग्रजीत पाच: एल-आय-जी-एच-टी. त्यातले जी आणि एच उच्चारात कुठेच नाहीत. वर्डल (सहा अंदाजांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) खेळताना, स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ) पाटावर किंवा इंग्रजी शब्दकोडं सोडवताना मराठी माणूस अडतो तो बहुतेक वेळा इथेच. शब्द माहीत असतो, अर्थही माहीत असतो, पण तो मनात आवाज म्हणून साठवलेला असतो आणि खेळ मागतो अक्षरं. देवनागरी आपल्याला 'जसं बोलतो तसं लिहितो' ही सवय लावते. म्हणून शेवटी आय-एस-टी असलेला शब्द शोधा म्हटलं की 'ट्विस्ट' चटकन सुचतो, 'रिस्ट' सुचत नाही, कारण त्याच्या सुरुवातीचा डब्ल्यू कुणी कधी ऐकलेलाच नसतो.

खालची सगळी पद्धत त्यामुळे आवाजावर नाही, अक्षरांच्या जोड्यांवर बेतलेली आहे. स्पेलिंग सांगताना अक्षरांमध्ये आडवी रेघ दिली आहे. ती वाचता वाचता कागदावर इंग्रजीत लिहून काढलीत तर जास्त फायदा होईल, कारण ही विद्या डोळ्यानं आणि हातानं येते.

यादी कोणती, हे आधी ठरवा

पाच घरं आणि सव्वीस अक्षरं घेतली तर मांडण्या होतात 1,18,81,376. त्यातले खरे शब्द मूठभर, पण ती मूठ केवढी हे खेळावर अवलंबून असतं. वर्डल हा खेळ जॉश वॉर्डल यांनी त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी केला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 निघाले. त्यात असे असे शब्द होते की उत्तर म्हणून दिले तर लोक वैतागले असते. म्हणून शाह यांनी ओळखीचे शब्द वेगळे काढले. जानेवारी 2022 अखेर न्यूयॉर्क टाइम्सनं खेळ विकत घेतला तेव्हा उत्तरांची मूळ यादी 2,315 शब्दांची होती. पुढे तिच्यात फेरफार झाले, पण शब्दांचा स्वभाव तोच राहिला.

याचा व्यवहारात उपयोग असा: अंदाज म्हणून कुठलाही आडवळणी शब्द चालतो, उत्तर मात्र बहुधा रोजच्या वापरातलं असतं. शिवाय एस लावून केलेली साधी अनेकवचनं, म्हणजे 'बुक्स', 'कार्स' या जातीचे शब्द, उत्तरात सहसा येत नाहीत. त्या मूळ यादीत एसनं संपणारे शब्द जेमतेम 36 होते. याउलट ईनं संपणारे 424 आणि वायनं संपणारे 364. तेव्हा शेवटच्या घरात काय असेल याचा विचार करताना ई आणि वाय आधी, मग टी आणि आर, आणि एस अगदी शेवटी. स्क्रॅबलमध्ये हे सगळं उलटं आहे. तिथे चार अक्षरी शब्दाला एस चिकटवून गुण मिळवणं हा रोजचा धंदाच आहे.

कागदावर तीन ओळी

प्रत्येक अंदाजानंतर वर्डल त्यातली अक्षरं हिरवी, पिवळी किंवा राखाडी रंगवून दाखवतो. ते रंग टिपायला वहीचं पान आडवं धरून तीन ओळी आखा.

पहिल्या ओळीत पाच चौकोन. जागा नक्की कळलेली, म्हणजे हिरवी, अक्षरं त्यांच्या घरात लिहा.

दुसऱ्या ओळीत 'आहे पण इथे नाही' अशी, म्हणजे पिवळी, अक्षरं. प्रत्येक अक्षरासमोर ते कुठल्या घरात नाही त्याचा आकडा. चुका सगळ्यात जास्त इथे होतात. अक्षर शब्दात आहे हे लोक लक्षात ठेवतात, पण ते चौथ्या घरात नाही हे विसरतात आणि पुढच्या अंदाजात तेच अक्षर पुन्हा चौथ्या घरात टाकतात. एक अंदाज फुकट गेला.

तिसऱ्या ओळीत बाद झालेली, म्हणजे राखाडी, अक्षरं. ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण पर्याय कापायचं खरं काम तीच करते.

आता घरं भरायला घ्या. आधी स्वर कुठे बसतील ते पाहा, मग सुरुवातीची जोडी, मग शेवटची. समजा हातात एस, रिकामं, ए, रिकामं, ई इतकं आहे. नुसतं आठवत बसलात तर तीन-चार शब्द सुचतील आणि तेच फिरून फिरून येतील. त्याऐवजी दुसऱ्या घरात ओळीनं अक्षरं लावा. एसच्या मागे सी लावला की स्केल आणि स्केअर. एच लावला की शेड, शेक, शेम, शेप, शेअर, शेव्ह. के लावला की स्केट. एन लावला की स्नेक. पी लावला की स्पेस, स्पेड, स्पेअर, स्पेट. टी लावला की स्टेज, स्टेक, स्टेल, स्टेअर, स्टेट. दोन मिनिटांत यादी वीसच्या जवळ जाते. मग तिसऱ्या ओळीतली बाद अक्षरं लावून ती छाटायची.

सुरुवातीला सहसा येणाऱ्या जोड्या पाठ असाव्यात: एस-टी, एस-एच, सी-एच, टी-आर, सी-आर, जी-आर, बी-आर, पी-एल, एफ-एल, सी-एल. शेवटाकडच्या: सी-एच, सी-के, एन-डी, एन-टी, एस-टी, एल-वाय, ई-आर, एल-ई. मूळ यादीतले 366 शब्द एकट्या एसनं सुरू होत होते. दुसऱ्या नंबरचा सी त्याच्या बराच मागे, 198 वर.

एक डाव, घर न घर

पहिला अंदाज 'स्लेट', एस-एल-ए-टी-ई, शाळेतली पाटी. निकाल: एस पिवळा, टी पिवळा, बाकी तिन्ही राखाडी. म्हणजे एस आहे पण पहिल्या घरात नाही, टी आहे पण चौथ्या घरात नाही, आणि एल, ए, ई बाद.

एस पहिल्या घरात नाही आणि टी चौथ्यात नाही म्हटल्यावर दोघं मिळून शब्दाच्या शेवटी बसले असण्याची शक्यता दाट: चौथ्यात एस, पाचव्यात टी. स्वर उरले ओ, आय, यू. तेव्हा दुसरा अंदाज 'मॉइस्ट', एम-ओ-आय-एस-टी, म्हणजे ओलसर, दमट. एका अंदाजात दोन स्वरही तपासले जातात. निकाल: एम आणि ओ राखाडी, आय-एस-टी तिन्ही हिरवे.

आता पहिली दोन घरं रिकामी. 'हॉइस्ट', 'जॉइस्ट' हे ओमुळे बाद, 'एक्झिस्ट', 'हाइस्ट' हे ईमुळे बाद. कानानं शोधणारा इथे 'ट्विस्ट' टाकतो आणि थांबतो. जोड्यांनी शोधणाऱ्याला चार शब्द मिळतात:

टी-डब्ल्यू-आय-एस-टी, ट्विस्ट: पीळ, पिळणं.
डब्ल्यू-आर-आय-एस-टी, रिस्ट: मनगट.
जी-आर-आय-एस-टी, ग्रिस्ट: दळण, गिरणीत न्यायचं धान्य. याला मराठी प्रतिशब्द इतका नेमका आहे की एकदा कळला की विसरत नाही.
डब्ल्यू-एच-आय-एस-टी, व्हिस्ट: चौघांनी खेळायचा पत्त्यांचा डाव, ब्रिजचा पूर्वज.

चारांतला कुठला आधी टाकायचा? 'ट्विस्ट' टाकला आणि डब्ल्यू पिवळा आला तर रिस्ट की व्हिस्ट हे कळत नाही. 'रिस्ट' टाकला तर मात्र सगळं सुटतं. उत्तर ट्विस्ट असेल तर डब्ल्यू पिवळा आणि आर राखाडी, ग्रिस्ट असेल तर डब्ल्यू राखाडी आणि आर हिरवा, व्हिस्ट असेल तर डब्ल्यू हिरवा आणि आर राखाडी. चौथ्या अंदाजाच्या आत डाव संपलाच. पर्याय तीनपेक्षा जास्त उरले की अर्धा मिनिट हा हिशेब करावा. ज्या शब्दानं बाकीच्यांची सगळ्यात जास्त फाटाफूट होते, तो आधी.

पहिला शब्द कोणता

मूळ 2,315 शब्दांपैकी ई हे अक्षर 1,056 शब्दांत होतं, ए 909 मध्ये, आर 837 मध्ये. पुढे ओ, टी, एल, आय, एस हे पाच जण 618 ते 673 च्या पट्ट्यात, त्यामागे एन 550, आणि यू 457. 'अडियू', ए-डी-आय-ई-यू, म्हणजे निरोप, हा शब्द चार स्वर एकदम तपासतो म्हणून फार जणांचा लाडका आहे. आमच्या मते तो महागात पडतो. यू हा एनपेक्षाही दुर्मीळ, डी त्याहून दुर्मीळ (370), आणि नुसते स्वर कळून शब्दाचा सांगाडा कळत नाही. सांगाडा व्यंजनं देतात. 'स्लेट', 'क्रेन' (सी-आर-ए-एन-ई, क्रौंच पक्षी किंवा भार उचलणारं यंत्र), 'स्टेअर' (एस-टी-ए-आर-ई, टक लावून पाहणं) यांपैकी काहीही घ्या.

एमआयटीतल्या संशोधकांनी 2022 मध्ये संगणकाला सगळ्या वाटा तपासायला लावल्या तेव्हा सर्वोत्तम निघाला 'सॅलेट', एस-ए-एल-ई-टी, पंधराव्या शतकातल्या युरोपातलं एक शिरस्त्राण. सरासरी सुमारे 3.42 अंदाज. पण ही सरासरी पुढचा प्रत्येक अंदाजही संगणकासारखा अचूक खेळणाऱ्याची आहे. माणसाला स्लेटनं काही कमी पडत नाही, आणि स्लेट उत्तरही असू शकतं.

पहिल्या अंदाजात काहीच लागलं नाही तर दुसरा शब्द पूर्ण नव्या अक्षरांचा हवा. स्लेटनंतर 'क्रोनी', सी-आर-ओ-एन-वाय: सत्ताधाऱ्याच्या अवतीभवतीचा लागेबांध्यातला माणूस, वर्तमानपत्रातल्या 'क्रोनी कॅपिटॅलिझम'मधला. दोन अंदाजांत दहा वेगळी अक्षरं तपासून होतात. पण दोन अक्षरं आधीच लागलेली असतील तर क्रोनी आंधळेपणानं टाकू नका. वरच्या डावात आपण तो टाकला नाही, तो याचसाठी.

एकच अक्षर दोनदा

मूळ यादीतल्या जवळजवळ एक तृतीयांश शब्दांत एखादं अक्षर दोनदा येतं. खेळाडू तिकडे वळतच नाहीत, कारण लागलेलं अक्षर त्यांच्या लेखी 'झालं' असतं. स्लेट टाकून एल सोडून बाकी चार हिरवे आले, तर लोक 'स्केट' आणि 'स्पेट' (एस-पी-ए-टी-ई, एकामागून एक येणाऱ्या घटनांचा लोंढा) टाकून पाहतात. 'स्टेट' शेवटी आठवतं. टी सापडला म्हणजे दुसरा टी नाही, असं खेळानं कुठे म्हटलेलं नसतं.

याची दुसरी बाजू रंगांची. उत्तर 'ट्रेंड', टी-आर-ई-एन-डी, आणि तुम्ही 'ग्रीट' टाकला, जी-आर-ई-ई-टी, म्हणजे स्वागत करणं. आर हिरवा, पहिला ई हिरवा, दुसरा ई राखाडी, टी पिवळा. त्या राखाडी ईचा अर्थ 'ई नाही' असा नसून 'ई एकच आहे' असा आहे. हे न कळल्यामुळे ई बाद धरून गोंधळ करणारे पुष्कळ.

न ऐकू येणारी अक्षरं

हा भाग सवडीनं वाचावा. इथल्या शब्दांमध्ये आवाज एक सांगतो आणि स्पेलिंग दुसरंच.

'न' ऐकू आला की एनच असेल असं नाही. के-एन: नील (के-एन-ई-ई-एल, गुडघे टेकणं), नॅक (के-एन-ए-सी-के, हातोटी), नोल (के-एन-ओ-एल-एल, टेकाड), नेल (के-एन-ई-एल-एल, मृत्यूची घंटा), नेव्ह (के-एन-ए-व्ही-ई, लबाड, पत्त्यातल्या गुलामाचं जुनं नाव). जी-एन: नॅश (जी-एन-ए-एस-एच, दातओठ खाणं), आणि शेवटाकडे उलटून रेन (आर-ई-आय-जी-एन, राजवट) व फेन (एफ-ई-आय-जी-एन, सोंग करणं). 'रेन' तर फसवाफसवीचा कळस आहे. पाऊस चार अक्षरी, राजवट पाच अक्षरी, आवाज अगदी तोच.

'र' मागे डब्ल्यू लपतो: रिंग (डब्ल्यू-आर-आय-एन-जी, ओले कपडे पिळणं), रेक (डब्ल्यू-आर-ई-सी-के, फुटलेल्या जहाजाचा सांगाडा), रेस्ट (डब्ल्यू-आर-ई-एस-टी, हिसकावून घेणं), रॉथ (डब्ल्यू-आर-ए-टी-एच, कोप). बोटातली 'रिंग' आणि विश्रांतीची 'रेस्ट' बाजूला ठेवून मग शोधा. 'र'च्या पुढे एचही असतो: राइम (आर-एच-वाय-एम-ई, यमक), रायनो (आर-एच-आय-एन-ओ, गेंडा).

'म'च्या पुढे बी: थंब (अंगठा), क्रंब (पावाचा चुरा), क्लाइंब (चढणं), आणि प्लंब (पी-एल-यू-एम-बी, गवंड्याचा ओळंबा). 'प्लंबर' शब्दातल्या बीचं मूळही इथेच, लॅटिनमधल्या शिशाच्या नावात. आपण मराठीत तो बी चक्क उच्चारतो, त्यामुळे प्लंब आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर सुचायला हरकत नाही.

'फ' तीन प्रकारे येतो. साधा एफ, पी-एच (फोन, ग्राफ, मॉर्फ) आणि शेवटी जी-एच (टफ, रफ, कफ, लाफ). 'क' चार प्रकारे: सी, के, सी-एच आणि क्यू. सी-एचचा 'क' विशेष चकवतो: क्वायर (सी-एच-ओ-आय-आर, गायकवृंद), कॅझम (सी-एच-ए-एस-एम, खोल भेग), ईपॉक (ई-पी-ओ-सी-एच, युग), कॉर्ड (सी-एच-ओ-आर-डी, एकदम वाजणारे तीन-चार स्वर, वर्तुळाची जीवा). 'स'च्या मागे पी असू शकतो, साम (पी-एस-ए-एल-एम, स्तोत्र), किंवा पुढे सी, सेंट (एस-सी-ई-एन-टी, सुवास) आणि सायन (एस-सी-आय-ओ-एन, घराण्याचा वारस, कलमाची डोळकाडी).

'व' तर आपल्या लिपीची खास अडचण. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण 'व'नं लिहितो, म्हणून 'व' ऐकू आला की दोन्ही अक्षरं लावून पाहायची. दोन्ही एकत्र असणारे शब्द अधूनमधून येतात आणि हमखास अडवतात: वेव्ह (डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई, हक्क किंवा येणं सोडून देणं, कर्जमाफीच्या बातमीतला 'वेव्हर' याचाच), वीव्ह (डब्ल्यू-ई-ए-व्ही-ई, विणणं), व्हॉवेल (व्ही-ओ-डब्ल्यू-ई-एल, स्वर), वेव्हर (डब्ल्यू-ए-व्ही-ई-आर, डळमळणं). यातले पहिला आणि शेवटचा नीट पाहा. कर्जमाफीचा 'वेव्हर' सहा अक्षरी, डळमळण्याचा पाच अक्षरी, आणि कानाला फरक शून्य.

शेवटचा पुसट 'अर' तीन वेषांत येतो: ई-आर (अदर), ओ-आर (ट्यूटर), ए-आर (मोलर, म्हणजे दाढ, शुगर, ऑल्टर, ए-एल-टी-ए-आर, म्हणजे वेदी). शेवटचा 'ल' त्याहून जास्त: एल-ई (टायटल), ई-एल (पॅनेल), ए-एल (लीगल), आय-एल (प्युपिल, ॲन्व्हिल, ए-एन-व्ही-आय-एल, लोहाराची ऐरण). शेवटी आर किंवा एल हिरवा आला की ही सगळी रूपं ओळीनं फिरवा, एकावर अडून राहू नका.

ए, ई, आय, ओ, यू एकही नसेल तर

पाचही स्वर बाद झाले की घाबरू नये, उलट आनंद मानावा. वाय मधल्या घरात बसून स्वराचं काम करतो आणि असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्रिप्ट (सी-आर-वाय-पी-टी, चर्चखालचं दफनाचं तळघर), लिंफ (एल-वाय-एम-पी-एच, लसिका), निंफ (एन-वाय-एम-पी-एच, जलदेवता, किडीची पंख न फुटलेली पिल्लावस्थाही), ट्रिस्ट (टी-आर-वाय-एस-टी, ठरवून केलेली गुप्त भेट), ग्लिफ (जी-एल-वाय-पी-एच, कोरीव चिन्ह), स्लायली (एस-एल-वाय-एल-वाय, लबाडीनं), आणि मर (एम-वाय-आर-आर-एच), म्हणजे आपला आयुर्वेदातला हिराबोळ.

क्यू, एक्स

क्यूच्या मागून जवळजवळ नेहमी यू येतो, त्यामुळे क्यू लागला की दोन घरं एकदम भरली. तो पहिल्या घरात असेल तर क्वॅश (कोर्टानं गुन्हा किंवा आदेश रद्द करणं), क्वेल (क्यू-यू-ई-एल-एल, बंड मोडून काढणं), क्वेल (क्यू-यू-ए-आय-एल, लावा पक्षी), क्वर्क (स्वभावातली विचित्र खोड). दुसऱ्या घरात असेल तर स्क्विड (माकूल), स्क्वॉट (उकिडवं बसणं), इक्विप (साधनसामग्री पुरवणं). पीक (पी-आय-क्यू-यू-ई, मान दुखावल्याचा राग) यात तो तिसऱ्या घरात जातो.

यूशिवायचा क्यू स्क्रॅबलमध्ये सोन्याच्या भावानं जातो, कारण एकट्या क्यूचे दहा गुण असतात आणि यू हातात नसतो. अशा वेळी फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू) हे शब्द इंग्रजी शब्दयादीत चालतात आणि आपल्याला ते शिकावे लागत नाहीत. आणखी एक, कनात (क्यू-ए-एन-ए-टी): जमिनीखालून पाणी आणणारा उताराचा बोगदा. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर-ए-अंबरी त्याच जातीची.

एक्स पहिल्या घरात शोधूच नका. तो दुसऱ्यात (ॲक्सिअम, गृहीतक), तिसऱ्यात (टॉक्सिक, विषारी), चौथ्यात (प्रॉक्सी, वर्गात 'प्रॉक्सी मारतात' तीच) किंवा पाचव्यात (लेटेक्स, रबराचा चीक) मिळेल.

एकाच साच्याची आठ भावंडं

चार घरं हिरवी आणि तरी डाव हरला, असं होतं ते आय-जी-एच-टी सारख्या शेपटामुळे. एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. आठ पर्याय, अंदाज उरलेले तीन किंवा चार, आणि एकेक टाकत बसलात तर निव्वळ नशीब.

उपाय: उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाका. 'फिल्म्स', एफ-आय-एल-एम-एस, टाकला की एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात. ज्याला रंग येईल ते उत्तराचं पहिलं अक्षर. चारही राखाडी तर उरले एट, नाइट, राइट, टाइट. मग 'रेंट्स', आर-ई-एन-टी-एस: आर रंगला तर राइट, ई रंगला तर एट, एन रंगला तर नाइट, तिघंही राखाडी तर टाइट. टी दोन्हीकडे असल्यामुळे त्याच्या रंगाकडे लक्ष द्यायचं नाही.

ए-टी-सी-एच शेपूट असेल तर बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. इथे 'क्लाइंब', सी-एल-आय-एम-बी: सी हिरवा तर कॅच, एल, एम, बी पिवळे तर अनुक्रमे लॅच, मॅच, बॅच. सी पिवळा आणि बाकी काहीच नाही तर हॅच, पॅच, वॉच, आणि त्यांना 'व्हेल्प' (डब्ल्यू-एच-ई-एल-पी, कुत्र्याचं पिल्लू) वेगळं करतो. ओ-यू-एन-डी शेपटाला आधी 'हंप्स' (एच-यू-एम-पी-एस), मग 'ब्राउन'. हे दोन शब्द का, ते स्वतः मांडून पाहा. बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड आणि जखम या अर्थाचा वूंड, अशी आठ नावं समोर ठेवा.

हार्ड मोड लावला असेल तर ही युक्ती बंद. सापडलेली अक्षरं पुढच्या अंदाजात वापरावीच लागतात. म्हणून हार्ड मोडमध्ये असं शेपूट पक्कं करायची घाई करू नये. आधी सुरुवातीची अक्षरं तपासावीत.

पाचही अक्षरं माहीत, क्रम नाही

पाच वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या 120, एक अक्षर दोनदा असेल तर 60. अक्षरं सरळ ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमात अडकतो, म्हणून ती गोलात लिहा, स्वर आत आणि व्यंजनं बाहेर. ए, ई, एल, एस, टी यांतून स्लेट, स्टेल (शिळं), स्टील (एस-टी-ई-ए-एल, चोरणं), लीस्ट (किमान), टेल्स (गोष्टी) निघतात. ए, ई, जी, एल, एन यांतून एंजल, अँगल आणि ग्लीन, जी-एल-ई-ए-एन: कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं वेचणं, म्हणजेच सरवा वेचणं. एंजल आणि अँगल यांत फक्त शेवटची दोन अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात, आणि परीक्षेच्या पेपरात तीच चूक वर्षानुवर्षं होत आली आहे.

शाळेतलं स्पेलिंग आणि खेळातलं स्पेलिंग

आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो. त्यात 'कलर', 'ऑनर', 'लेबर', 'ह्यूमर', 'फेव्हर' हे सहा अक्षरी आहेत, शेवटी ओ-यू-आर. वर्डल अमेरिकी वळणाचा आहे आणि तिथे यू गळतो, म्हणून हे सगळे पाच अक्षरी होतात. 2022 च्या सुरुवातीला फेव्हर आणि ह्यूमर हे शब्द उत्तर म्हणून आले तेव्हा ब्रिटनमधल्या खेळाडूंनी कुरकुर केलीच होती. 'मीटर', 'लीटर', 'फायबर' यांचा शेवटही अमेरिकेत ई-आर, ब्रिटनमध्ये आर-ई. घरं पाचच राहतात, पण शेवटची दोन अक्षरं उलटी. तेव्हा शेवटी ओ-आर हिरवे आले की शाळेतले यूवाले शब्द आठवा आणि त्यांतला यू काढून टाका.

डाव संपल्यावर राहून गेलेले शब्द पाहायचे असतील तर वनलुक या शब्दकोश-शोधात न कळलेल्या घराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे आय-एस-टी लिहिलं की त्या साच्यातले सगळे शब्द समोर येतात, प्रत्येकाचा अर्थ एका टिचकीवर. रोज एक साचा घेऊन त्यातले अनोळखी दोन शब्द अर्थासकट वहीत उतरवा, आणि न ऐकू येणाऱ्या अक्षराखाली लाल रेघ मारा.